हराळीचे चाळीस वाफे

उभ्या मेहकर तालुक्यात आजवर हराळी मुद्दाम लावणारा एकच माणूस झाला, आणि तो नेमका माझा साडभाऊ निघाला. ज्यांनी कधी शेत केलं नाही त्यांना यातला अनर्थ कळायचा नाही. आमच्याकडे हराळी ही खणून काढायची वस्तू. नांगराने काढा, कुदळीने काढा, मुळ्या वेचून धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उन्हात टाका. पुढच्या पावसाला ती जिथल्या तिथे हजर. माझ्या वडिलांची अर्धी हयात त्या गवताशी भांडण्यात गेली. आणि त्यांच्याच शेतात, डोणगाव रस्त्याला, या गृहस्थाने चाळीस वाफे पाडले, दोरी धरून सरळ ओळीत हराळी लावली आणि वर झारीने पाणी घातलं. शेजारचे शेतकरी धुऱ्यावर येऊन उभे राहायचे आणि हळूच मला विचारायचे, "भाऊ, घरी सारं बरं हाय ना?"

साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचे. मी शाळेतला बाबू, मला दाखले आणि हजेरीपटापलीकडचं शास्त्र ठाऊक नाही, त्यामुळे त्यांचं काय चाललंय हे मला कळत नसे, आणि ते समजावून सांगू लागले की आधी जे थोडंफार कळलेलं असायचं तेही जायचं. त्यांना डॉक्टरेट करायची होती. वयाच्या बावन्नाव्या वर्षी नाव नोंदवलं होतं, निवृत्ती अठ्ठावन्नला, आणि विद्यापीठाने दोनदा मुदत वाढवून दिली होती. विषय हराळी. हराळी किती प्रकारची असते, आणि ते प्रकार तिच्या पेशीतल्या आतल्या खुणांवरून कसे ओळखायचे. "हराळी हराळीसारखी असते," मी एकदा म्हणालो. त्यावर त्यांनी माझ्याकडे अतिशय दयेने पाहिलं.

त्यांच्या सवयी सांगायच्या तर सुरुवात कुठून करावी हा प्रश्न आहे. स्कूटर चालवता चालवता ते मध्येच थांबत. मागून एसटी येतेय, ट्रक येतोय, याचा त्यांच्याशी संबंध नसे. डिकीतून खुरपं काढायचं, रस्त्याच्या कडेला उकिडवं बसायचं, हराळीचा एक तुकडा मुळासकट उपटायचा, ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळायचा आणि जुन्या लग्नपत्रिकेच्या पाकिटात घालायचा. पाकिटावर गाव आणि जागा लिहायची: जानेफळ, बसथांब्यामागे, हिवरा आश्रम, नळाजवळ. त्यांच्या घरी पत्रिका आली की ताई मुहूर्त वाचायच्या आणि हे पाकिटाचा कागद जाड आहे का ते चाचपायचे. सख्ख्या पुतण्याचं नाव विचारलं तर अडखळत, पण सत्तावीस नंबरची हराळी कुठली, हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगत.

जानेफळच्या लग्नात तर कहरच झाला. अक्षता पडायच्या वेळी साडभाऊ गायब. शोधत गेलो तर मांडवाच्या मागे, नव्या सफारीत, चारी पायांवर. नवरीच्या मामांना वाटलं, पाहुण्यांची अंगठी पडली. ते बिचारे खाली बसले, त्यांना बघून आणखी सात-आठ जण बसले, आणि सगळे मिळून गवत चाचपू लागले. एकाने विचारलं, "किती ग्रॅमची होती?" साडभाऊ अगदी मनापासून म्हणाले, "दोन ग्रॅम पुरते, पण पान कोवळं पाहिजे." मामा उठले, हात झटकले आणि त्यानंतर आमच्याकडच्या कुठल्याही माणसाशी बोलले नाहीत.

मला समजावून सांगायची त्यांना भारी हौस. एकदा आमच्याच ओसरीत म्हणाले, "हे बघा, रस्त्यावरची हराळी आखूड, नळाजवळची लांब. म्हणून त्या वेगळ्या का? नाही. जागेनं रूप बदलतं. म्हणून मी त्या सगळ्या एका जमिनीत आणून लावतो. आणि आतली खूण जागेनं बदलत नाही, ती तपासतो. आता आपण दोघं साडभाऊ. प्रत्येक कार्यात एका फोटोत असतो, एका पंगतीत जेवतो. पण आतल्या खुणा तपासल्या तर आपलं नातं काहीच नाही. तसंच दोन हराळ्या शेजारी असल्या तरी त्या सख्ख्या बहिणी की नुसत्या साडभाऊ, हे बाहेरून कळत नाही." मी म्हणालो, "कळून काय करायचं?" तर म्हणाले, "तणाचं औषध मारलं की एक मरते, एक मरत नाही. काऊन? ते शोधायचं तर आधी कोण कोणाची, हे माहीत पाहिजे." एवढं मात्र मला पटलं. औषधाने न मरणारी हराळी मी स्वतः पाहिली आहे. गवताचे साडभाऊ काही केल्या डोक्यात शिरेनात.

तर असे चाळीस गावच्या हराळीचे चाळीस वाफे माझ्या शेतात लागले. दहा-दहाच्या चार ओळी. प्रत्येक वाफ्यात तेलाच्या डब्याचं प्लास्टिक कापून केलेला बिल्ला, त्यावर नंबर. बाजूला माझं सोयाबीन. आणि श्रावण लागताच निंदायला, म्हणजे तण काढायला, रुख्माबाई आणि तिच्या बाया आल्या. रुख्माबाई गेली वीस वर्षं आमच्याकडे निंदते. तिला शेतात हराळी दिसणं म्हणजे देवघरात चप्पल दिसण्यासारखं. मी शाळेत होतो. साडभाऊ कॉलेजात होते. तिला कोणी काही सांगितलेलं नव्हतं, कारण सांगायचं असतं हे आमच्या दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

संध्याकाळी मी शेतावर गेलो तेव्हा रुख्माबाई धुऱ्यावर माझीच वाट पाहत होती. "भाऊ, मायाकून एक चूक झाली," ती म्हणाली. "तुमच्या साहेबायचं गवत उपटल्या गेलं. तीन वळी साफ झाल्या, चौथीतलं एक उपटलं, तवा एका बाईले बिल्ला दिसला. मंग ध्यानात आलं का हे लावेल हाय." मी विचारलं, उपटलेलं कुठे आहे? तर ते बकरीने खाल्लं होतं. बकरी शेजारीच बांधलेली होती, रवंथ करत. "पण तुमी काळजी नका करू. म्या पुन्हा लावून देलं. धुऱ्यावरून चांगली हिरवीगार आनली, पह्यल्याहून बरी. बिल्ले बी जिथल्या तिथं खोसले."

आता इथे मी खरा गुन्हेगार आहे. मी वाफे पाहिले. खरोखरच पहिल्याहून छान दिसत होते. मला वाटलं, हराळीच्या जागी हराळी आहे, नंबर जागच्या जागी आहेत, मग बिघडलं काय? उलट त्या बायांनी आयुष्यात पहिल्यांदा हराळी लावली, तीही वाकून, न सांगता, माणसाचं मन राखायला. मी म्हणालो, "बरं केलं रुख्माबाई." आणि साडभाऊंना काही बोललो नाही. पोळा झाल्यावर त्यांनी येऊन कोवळी पानं खुडली, बर्फाच्या डब्यात घातली आणि तपासायला अकोल्याला नेली.

हिवाळ्यात एका रविवारी ते आमच्याकडे आले ते धावतच. हातात एक काळा फोटो, त्यावर आतल्या खुणांच्या पांढऱ्या पट्ट्यांच्या रांगा. "साडभाऊ, झाली डॉक्टरेट," ते म्हणाले आणि चप्पल न काढता आत आले. चाळीसपैकी एकतीस ठिकाणच्या हराळीचे पट्टे तंतोतंत सारखे निघाले होते. एकतीस गावांत एकच हराळी. एकाच आईचं पसरलेलं एकच अंग. कसं पसरलं असेल याचाही त्यांनी विचार करून ठेवला होता: एसटीची चाकं, बैलांचे खूर, आश्रमाला येणाऱ्या माणसांच्या चपला. इतका आनंद मी त्यांच्या लेकीच्या लग्नातही पाहिला नव्हता. "आणि गंमत बघा," ते म्हणाले, "ज्या नऊ वेगळ्या निघाल्या, त्या सगळ्या नेमक्या शेवटच्या ओळीतल्या. याचा अर्थ काही लागत नाही. पण परवा सगळं सादर करायचं आहे, आता मुदत नाही."

मला अर्थ लागला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचं शास्त्र मला त्यांच्या आधी कळलं, आणि कळू नये असं वाटलं. हातातला चहा पिववेना. बायको आतून माझ्याकडे बघत होती; तिलाही ती बकरी माहीत होती. साडभाऊ गेल्यावर ती म्हणाली, "सांगू नका. कोणाले कळनार हाय?" आणि खरंच, कोणाला कळणार होतं? मला, तिला, रुख्माबाईला. मी ती दुपार, संध्याकाळ अंगणात येरझारा घालत काढली. आपल्या एका वाक्याने एका भल्या माणसाची सहा वर्षं बुडणार, आणि न बोललो तर त्यांच्या नावावर एक खोटं कायमचं छापलं जाणार. दुसऱ्या दिवशी शाळेत रजेचा अर्ज टाकून त्यांच्या कॉलेजात गेलो.

ते शेवटचं प्रकरण तपासत बसले होते. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. माफी मागायची ठरवून गेलो होतो, ती तोंडातून फुटली नाही. त्यांनी टेबलावरच्या कागदांच्या कडा जुळवल्या. मग विचारलं, "सगळी एकाच जागची आणली तिनं?" मी म्हणालो, तिलाच विचारू. तशीच स्कूटर काढली आणि आम्ही शेतावर गेलो. रुख्माबाईने धुऱ्यावरची एक जागा दाखवली. तिथला गालिचा अजून एका बाजूने खरवडलेला होता. साडभाऊ खाली बसले, चार पानं खुडली आणि पाकिटात घातली. तिला एका शब्दाने रागावले नाहीत.

ठरल्या दिवशी त्यांनी प्रबंध दिलाच नाही; आधी ती पानं अकोल्याला पाठवली. पट्टे त्या एकतिसांशी जसेच्या तसे जुळले. मला वाटलं, आता हे कोसळणार. पण ते पुन्हा धावत आले. "पाह्यलं? खुणा खोटं बोलल्या नाहीत. एकच आई हाय असं त्या म्हनत होत्या, ते खरंच होतं. फक्त ती तुमच्या धुऱ्यावर होती." त्या आनंदात त्यांनी विद्यापीठाला पत्र लिहिलं, की माझे नमुने सरमिसळ झाले आहेत, प्रबंध आता देता येत नाही, एक वर्ष द्या. वर्ष मिळालं नाही. मी म्हणालो, तुम्ही गप्प बसला असता तर चाललं असतं. ते एवढंच म्हणाले, "मले ठाऊक झालं ना आता." पुढच्या उन्हाळ्यात ते निवृत्त झाले. निरोपाच्या कार्यक्रमात त्यांच्या नावामागे प्राध्यापकच लागलं, आणि मी शेवटच्या रांगेत मान खाली घालून बसलो होतो.

त्यानंतर त्यांनी पुन्हा चाळीस ठिकाणची हराळी गोळा केली. कोणासाठी, हे मला समजलं नाही. डिग्री नव्हती, कॉलेज नव्हतं, मागणारं कोणी नव्हतं. मी दर रविवारी त्यांच्या स्कूटरवर मागे बसून पाकिटं धरायचो. तेवढीच भरपाई माझ्या हातात होती. या वेळी वाफ्यांभोवती रुख्माबाईने स्वतः काट्यांचं कुंपण केलं आणि बकरी आणणंच बंद केलं.

यंदा त्याचा निकाल आला. साडभाऊ तो कागद घेऊन सरळ शेतावर आले. दुपारची वेळ, बाया धुऱ्यावर भाकरीची फडकी सोडून बसल्या होत्या. ते उभे राहिले, चष्मा पुसला आणि सांगू लागले: चाळिसांत सात-आठ घराणी निघाली, अमकी तमकीची बहीण, हिवऱ्याची आणि जानेफळची एकाच घरची, डोणगावची अगदीच परकी. मी नेहमीप्रमाणे तिसऱ्या वाक्याला हरवलो. रुख्माबाई मात्र चावायचं थांबवून ऐकत होती. सगळं झाल्यावर तिने विचारलं, "साहेब, एक सांगा. औषध मारलं तर कोन्ती मरत नाही, ते ह्या कागदावर दिसते का?"

साडभाऊंनी कागद खाली घेतला. क्षणभर मला वाटलं, यांचं काही तरी चुकलं. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "डॉक्टरेटच्या तोंडी परीक्षेत हाच प्रश्न विचारतील म्हणून मी सहा वर्षं उत्तर पाठ करून ठेवलं होतं." त्यांचे डोळे भरून आले होते, आणि माझेही. मग तिच्याकडे वळले. "नाही दिसत, बाई. ह्या खुणा नुसत्या वळखीच्या हायेत, मरन्या-वाचन्याच्या नाहीत. पन घरानी कळली, की कोन्त्या घरान्यावर औषध चालत नाही ते एकेक करून तपासता येते." तिथून पुढे ते बोलतच राहिले, कागद उलटून त्याच्या मागे पेनाने रेघा ओढत, आणि रुख्माबाई मध्ये मध्ये त्यांना अडवून विचारत होती. ऊन कलायला लागलं. निंदण तासभर मागे पडलं होतं. मी कोणालाच उठा म्हणालो नाही.