सबवूफरमधले गहू

मला सांगा, ज्याला ऐकूच येत नाही, त्याच्यासाठी तुम्ही कधी आवाजाच्या दोन लाकडी पेट्या बनवून घेतल्या आहेत का?

मी घेतल्या आहेत.

आमचे बाबा भिलाईच्या पोलाद कारखान्यात, रोलिंग मिलमध्ये होते. कानात घालायला त्यांना प्लग मिळत. ते त्यांनी सुपारीच्या डबीत अगदी जपून ठेवले. कान मात्र जपले नाहीत! निवृत्त होऊन घरी आले तेव्हा ते घरात आणि त्यांची श्रवणशक्ती मिलमध्ये, अशी परिस्थिती होती. कानाचं यंत्र आणलं, तर ते शिट्टी मारतं म्हणून त्यांनी ते कपाटात ठेवून दिलं. टीव्हीवर सिनेमा लागला की दर वाक्याला विचारायचे, ‘‘काय म्हनला तो?’’ आधी आई सांगायची, ती थकली की मी सांगायचो. सिनेमा संपायचा तेव्हा आमचं सांगणं जेमतेम मध्यंतरापर्यंत पोचलेलं असायचं. एक दिवस ते गुपचूप उठले. ‘‘पाहा तुमी. माह्यापायी कायले खोळंबता,’’ म्हणाले आणि ओट्यावर जाऊन बसले. त्यानंतर ते सिनेमाला म्हणून आत आलेच नाहीत.

हे मला सहन होईना. मी पत्रकांवर वाढलेला मुलगा. आमच्या घरी गोष्टीची पुस्तकं कमी आणि काकांनी चळवळीतून आणलेली पत्रकं फार. त्यामुळे माझं प्रत्येक वाक्य ‘बंधूंनो’पासून निघतं आणि ‘झालेच पाहिजे’पाशी थांबतं. (मुलगी बघायला गेलो होतो तिथेही हेच झालं. ती गोष्ट वेगळी.) तर कुठंतरी माझ्या वाचनात आलं, की खर्जातला आवाज कानापेक्षा छातीला जास्त कळतो. झालं! बाबांना पुन्हा आत आणायचं, ऐकू नाही आलं तरी सिनेमा त्यांच्या छातीत वाजवायचा, असा ठराव मी एकमताने मंजूर केला. (सभेला मी एकटाच होतो.) खर्जाच्या आवाजासाठी लागतो सबवूफर. तो काय बाजारातून तयार आणायचा? छे! ज्या गावात पोलाद ओततात, त्या गावातल्या माणसानं साधा दणका विकत घ्यायचा?

मी आराखडा काढला. कंबरेएवढ्या उंच दोन पेट्या, टीव्हीच्या दोन बाजूंना एकेक. स्पीकरचं तोंड वर, म्हणजे आईचा झाडू लागणार नाही. म्हणून वरच्या फळीला मोठं गोल भोक. मागे खाली अजून एक छोटं भोक. त्याला म्हणतात पोर्ट. त्यातून पेटीतली हवा बाहेर ढकलली जाते आणि दणका वाढतो. पेटीच्या आत थोडा कापूस भरायचा, म्हणजे आवाज घुमत नाही. स्पीकर मी पावर हाउस भागातल्या बाजारातून आणून पलंगाखाली लपवून ठेवले आणि पेट्यांचं काम आमच्या सुताराला, दुकालू मिस्त्रीला दिलं.

‘‘भीतर का रखबे भैया?’’ आत काय ठेवणार, असं त्यानं छत्तीसगढीत विचारलं.

‘‘कुछ नहीं. हवा.’’

‘‘हवा रखे बर पेटी?’’ हवा ठेवायला पेटी! त्यानं पेन्सिल कानावर ठेवली आणि न भांडता कामाला लागला. माझ्या घरच्यांची त्याला दया आली असावी.

आता आईबद्दल. आमच्याकडे भाद्रपदात महालक्ष्म्या बसतात. विदर्भातून भिलाईला येताना लोकांनी भांडीकुंडी आणली, आमच्या आजीनं महालक्ष्म्यांचे पितळी मुखवटे आणले. मुखवटे ठेवायला खाली दोन पोकळ कोठ्या लागतात. त्यात धान्य भरायचं, बाहेरून साड्या नेसवायच्या आणि तीन दिवस पाहुणचार करायचा. आमच्या पत्र्याच्या कोठ्या गंजून चाळणी झाल्या होत्या. आई दरवर्षी म्हणायची, ‘‘यंदा नव्या कोठ्या पाह्यजे.’’ आणि मी दरवर्षी कर्मकांडावर भाषण द्यायचो. एकदा तर ‘धान्य माणसाच्या पोटात की मूर्तीच्या?’ असं पत्रक छापून घरातच वाटलं होतं. (वाचक दोन. त्यातल्या एकीनं त्यावर लाडू ठेवले.)

सण तोंडावर आला आणि मला सभेसाठी दोन दिवस जवळच्या जामुलला जावं लागलं. तिथे घोषणा ऐन रंगात आल्या असताना आईचा फोन.

‘‘नित्या! आल्या रे दोगीही! मिस्त्री आत्ताच ठेवून गेला.’’

माझ्या पेट्या! मी आनंदानं ओरडलो, ‘‘आल्या? कशा आहेत?’’

‘‘इतक्या सुंदर! मले तर रडूच आलं. बसवू ना समोरच्या खोलीत?’’

‘‘बसव, बसव! टीवीच्या दोन बाजूले. जोडीनंच बसतात त्या!’’

‘‘आन् आतमंदी भरू?’’

मला वाटलं, कापूस. जुनी गादी फोडून ठेव, असं कारण न सांगता मीच तिला बजावलं होतं. ‘‘भर की! सढळ हातानं भर!’’

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. ‘‘पोट्टा सुधरला माहा,’’ असं आई कोणाला तरी म्हणाली. पेट्यांमुळे आपण सुधारलो कसे, हे मला कळलं नाही. पण सभेत माझं नाव पुकारलं म्हणून मी फोन ठेवला आणि अंधश्रद्धेच्या विरोधात चांगलं अर्धा तास बोललो.

घरी आलो. टीव्ही दिसेना. त्याच्या जागी दोन भरजरी साड्या, त्यांच्यावर दोन पितळी मुखवटे, समोर समया. मी एका साडीचा पदर हळूच बाजूला केला. आत माझं अठरा मिलिमीटरचं प्लायवूड! वरच्या भोकावर परात, परातीवर कलश, कलशावर ज्येष्ठा. शेजारच्या पेटीवर कनिष्ठा. आणि आत, सढळ हातानं भरलेले, गहू!

‘‘आई, हे तर...’’

‘‘हात लावू नोको! बसल्या त्या. आता परवापर्यंत हालवायच्या नाही.’’

‘‘आई, पन मी...’’

‘‘मले माहीत हाय, तू बोलून दाखवत नाही. पन मनात होतं ना तुह्या!’’ तिनं माझी दृष्ट काढली. ‘‘फक्त त्या मिस्त्रीनं येक गलती केली. मागं भोक ठेवलं. गहू सांडून राहिले होते. मंग म्या त्या भोकात तुहे कागद कोंबले. बहुत कामाचे निघाले रे तुहे कागद!’’

मी वाकून पाहिलं. माझ्या पोर्टमध्ये माझीच पत्रकं ठासून भरली होती. ‘जागे व्हा’ एवढे दोनच शब्द बाहेर दिसत होते.

खरं सांगावं, तर आईचा चेहरा. सांगू नये, तर माझी तत्त्वं. मी मधला मार्ग काढला: परवा सांगू! (इतिहासात सगळ्या क्रांत्या याच मार्गाने रखडल्या आहेत.)

दुसऱ्या दिवशी जेवणं. खोली माणसांनी भरलेली. शकूमावशी, म्हणजे आईची मोठी बहीण, दुर्गहून आलेली. तिचा आवाज इतका खणखणीत, की बाबांना फक्त तिचंच बोलणं ऐकू येतं. (म्हणून ती आली की ते ओट्यावर बसतात. त्या दिवशी मात्र आरतीसाठी त्यांना आत आणलं होतं.) मावशी येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होती, ‘‘नित्यानं बनवल्या बरं! नास्तिक होता, पन आता लाइनवर आला!’’

आरती सुरू झाली आणि नेमका त्याच वेळी बाहेरून मंडळाच्या गणपतीचा डीजे चालला. खिडक्यांच्या काचा थरथरल्या. समईची ज्योत नाचली. माझ्या पायाखालची फरशी धुमधुमायला लागली. एखादा ध्वनितज्ज्ञ असता तर खूश झाला असता. मी मात्र पोर्टकडे बघत होतो. ‘जागे व्हा’ हळूहळू बाहेर सरकत होतं. ‘धम्म!’ एक अक्षर. ‘धम्म!’ अजून एक. आणि मग बोळा फटकन बाहेर उडाला आणि ज्येष्ठेच्या साडीखालून गव्हाची धार लागली!

आरती थांबली. धार थांबली नाही.

‘‘अवं माय!’’ मावशी किंचाळली. ‘‘लक्ष्मी पावली! धान्य देऊन राहिली!’’

बायका ओंजळी घेऊन धावल्या. शेजारच्या साहूकाकूंनी ‘‘जय हो मइया!’’ म्हणत लोटांगण घातलं. कोणीतरी डीजेवाल्या पोरांना हाक मारली. ती पोरं डीजे दारासमोर तसाच चालू ठेवून आत आली, म्हणजे धार अजून वाढली! मोबाइल निघाले. आणि एक जण चक्क माझ्या पाया पडला!

इथे माझ्या तत्त्वांचा बांध फुटला. माझ्या घरात चमत्कार? मी स्टुलावर चढलो.

‘‘बंधूंनो! हा चमत्कार नाही! हा पोर्ट आहे!’’

‘‘पोटच हाय ना बाबू!’’ मावशी गहिवरली. ‘‘लक्ष्मीचं पोट!’’

‘‘पोट नाही, पोर्ट! र! र!’’

‘‘हर हर!’’ मागून कोणीतरी ओरडलं आणि सगळ्यांनी घोष केला, ‘‘हर हर महादेव!’’

आयुष्यात माझ्या घोषणेला एवढा प्रतिसाद कधी मिळाला नव्हता.

‘‘अहो, सबवूफर आहे हा! स्पीकरचा डब्बा! म्या सिनेमासाठी बनवला!’’ मी जीव तोडून ओरडलो. नेमका त्याच क्षणी बाहेरचा डीजे दोन गाण्यांच्या मध्ये थांबला होता. माझं वाक्य सगळ्या खोलीला स्वच्छ ऐकू गेलं.

आईलाही.

तिच्या हातातलं आरतीचं ताट तसंच राहिलं. ‘‘म्हंजे... माह्यासाठी नोयत्या?’’ एवढंच ती म्हणाली.

मी स्टुलावरून उतरलो. तत्त्वाचा विजय झाला होता. कोपऱ्यातून बाबांनी विचारलं, ‘‘काय म्हनला तो?’’

मीच त्यांच्या कानाशी जाऊन ओरडलो, ‘‘डब्बे तुमच्यासाठी होते!’’

‘‘मले? मले कायले डब्बे?’’

‘‘सिनेमा तुमच्या छातीत वाजावा म्हनून! तुमी आत येऊन बसावं म्हनून!’’

हे बोलणं गल्लीच्या टोकापर्यंत गेलं असणार. बाबांनी आईकडे पाहिलं, चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्यानं उगाचच पुसला.

आईनं ताट खाली ठेवलं. ‘‘मंग हे आधी सांगता येत नव्हतं? तोंडात काय मूग भरले होते?’’ ती कडाडली. डोळे मात्र पुसत होती. ‘‘आयका दोघंही. तीन दिवस या माह्या. बाकीचं वरीसभर तुमच्या बापलेकाच्या. आन् नित्या, ते भोक धर आधी, गहू वाया जाऊन राहिले!’’

मी पोर्टला हात लावून बसलो. पुढची सगळी आरती मी त्याच अवस्थेत ऐकली. पाहुण्यांना वाटलं, नास्तिकानं देवीचे पाय धरले.

तिसऱ्या दिवशी अक्षता टाकून महालक्ष्म्या हलवल्या. आईनं स्वतः गहू उपसले, पेट्या आतून पुसल्या आणि गादीचा कापूस भरला. मी स्पीकर बसवले, वायरी जोडल्या. दुपारची जेवणं झाल्यावर बाबांना हाताला धरून आत आणलं. ते खुर्चीवर बसेनात. पेटीला पाठ टेकून खाली सतरंजीवर बसले. मी मारामारीचा सिनेमा लावला. पहिली गाडी उलटली, धाड्! दोनचार राहिलेले गहू पोर्टमधून गोळीसारखे सुटले. बाबा दचकले. छातीवर हात ठेवला. आणि त्यांचा चेहरा असा उजळला, की मी आईचा हात घट्ट धरला.

‘‘अरे!’’ बाबा म्हणाले, ‘‘मिल चालू झाली!’’

आणि पुढच्या धडाक्याला ते गाढ झोपले.

होय, झोपले! आयुष्यभर ज्या धडधडीत दिवस काढले, तीच पाठीला लागली आणि माणूस तान्ह्या बाळासारखा घोरायला लागला. आईनं पायांवर चादर टाकली. म्हणाली, ‘‘किती दिसांनी दुपारचे झोपले.’’ मी हळूच आवाज बंद केला. तर बाबा ताडकन उठून बसले! ‘‘कोनं बंद केली? ब्रेकडाऊन झाला का?’’ मी घाईनं पुन्हा सुरू केला. ते पुन्हा झोपले.

तेव्हापासून बाबा रोज दुपारी आत येतात. बोलावावं लागत नाही. सिनेमा कोणता हेही विचारत नाहीत. फक्त गाड्या उलटल्या पाहिजेत, पूल उडाले पाहिजेत. शांत, कौटुंबिक, आशयघन असं काही लावलं की जागे होतात आणि तक्रार करतात.

म्हणून, बंधूंनो आणि भगिनींनो, एकच विनंती. आमच्या हुडको वसाहतीत कधी आलात आणि भर दुपारी एखाद्या घरातून अशी धडधड ऐकू आली, की तुमचे दात वाजायला लागले, तर कृपा करून दार ठोठावू नका. आतला माणूस झोपला आहे. आणि मागच्या वर्षी चौकाचौकात वाटलेलं ‘ध्वनिप्रदूषण करणाऱ्यांना घरात घुसून जाब विचारा’ हे पत्रक तुमच्यापैकी कोणाकडे अजून असेल, तर ते आजच्या आज फाडून टाका. त्याच्या खाली माझं नाव आहे, आणि घराचा पत्ताही!