यमुनाबाईंचा स्वतःचा आवाज

यमुनाबाईंशी इंग्लंडातल्या रीडिंगचं आपलं मराठी मंडळ वाईट वागलं. कुणाला राग आला तर येऊ दे.

ही तंजावरच्या मराठी घरातली बाई. पिढ्यान्‌पिढ्या तिकडेच राहिलेली माणसं. घरात मराठी, दाराबाहेर तमिळ. सोळाव्या वर्षी ती मद्रासला सिनेमात गेली. तमिळ, तेलुगू मिळून शंभरावर चित्रपट. आधी नायिकेची मैत्रीण, मग तिशीतच स्वतःपेक्षा थोराड नायकांची आई. पडद्यावर रडावं तर तिनेच! पण त्या रडण्यातला आवाज कधीच तिचा नव्हता. तेलुगूत तमिळ हेल यायचा, तमिळमध्ये मराठी. म्हणून चेहरा यमुनाबाईंचा आणि आवाज दुसरीचा, असंच चाललं.

मुलाकडे, विनयकडे, रीडिंगला आल्यावर एका तमिळ दुकानदाराने तिला ओळखलं. काउंटरबाहेर येऊन पाया पडला. ती आशीर्वाद द्यायला बोलली मात्र, बिचारा गोंधळला. "अम्मा, तुमचा आवाज असा नव्हता!"

हे सांगताना ती हसायची. मला हसू येत नसे. मी उमेद होती तोवर रंगभूमीवर उभी राहिले. शेवटच्या रांगेतल्या माणसाला आपला आवाज पोचतो तेव्हा काय वाटतं, ते मला ठाऊक आहे.

गणेशोत्सवाच्या नाटकात तिला आजीचं काम मिळालं, तेव्हा ती हरखली. "बाई, माझ्या तोंडून माझाच आवाज! आई हवी होती हे बघायला."

तालमीत आपले सेक्रेटरी यशोधन मला बाजूला घेऊन म्हणाले, "काकू, ॲक्टिंग टॉप आहे त्यांची. पण मराठी फनी वाटतं हो. मुलांना आपण प्रॉपर मराठी शिकवतो आणि स्टेजवर हे? आपली वीणा विंगेतून माइकवर त्यांची वाक्यं बोलेल. त्यांना सवय आहेच की!"

"सवय? चटक्यांची सवय आहे म्हणून आणखी एक द्यायचा?"

"काकू, प्लीज, ड्रामा नको."

"मग नाटक कशाला बसवताय? वडापाव विका!"

यमुनाबाईंनी सगळं ऐकलं होतं. "बरं," एवढंच म्हणाल्या.

प्रयोगाला शाळेचा हॉल भरला होता. नातू घर सोडून निघतो, तो प्रवेश. स्पीकरमधून वीणाचं स्वच्छ पुणेरी मराठी आलं. यमुनाबाईंचे ओठ मिटलेले. परक्या आवाजाशी ज्यांनी जन्मभर ओठ तंतोतंत जुळवले, त्या ढिम्म उभ्या! वीणा शहाणी मुलगी. वाक्य अर्धं सोडून तिने माइक खाली ठेवला. मग यमुनाबाई स्वतः बोलल्या.

"बाळा, मज सोडून कोठे जातोस?"

मागे पोरं खिदळली. यमुनाबाई थांबल्या. खिदळणं ओसरू दिलं आणि तेच वाक्य पुन्हा म्हटलं, हळू. मग कुणी हसलं नाही.

इथे गोष्ट संपली असती तर मी हे लिहिलंच नसतं. दिवाळीत मंडळाने नाटकाची डीव्हीडी काढली. वीणाने साफ नकार दिला होता, म्हणून लीड्सच्या कुणा बाईंकडून आजीची वाक्यं भरून घेतली. अहो, डीव्हीडीवर! तंजावरच्या नातेवाइकांना दाखवायला यमुनाबाईंनी ती हौसेने मागून घेतली होती. विनयच्या घरी लावली. पहिलंच वाक्य ऐकून त्यांनी रिमोट उचलला आणि टीव्ही बंद केला.

मंडळाने ती डीव्हीडी परत घ्यावी आणि प्रयोगातला मूळ आवाज घालून पुन्हा काढावी. यमुनाबाई मागणार नाहीत. मी मागते आहे.