वाफ मोजणाऱ्या मॅडम

देशमाने मॅडम रोज सकाळी चष्म्याच्या काचेवर तोंडाची वाफ सोडत आणि ती विरायला किती वेळ लागतो ते बघत. "आज हवा तहानलेली आहे रे," असं काहीतरी पुटपुटत आणि मगच यंत्र सुरू करत.

मी त्यांचा सहायक. सिन्नरजवळच्या माळावर हवामान-संशोधनासाठी आमचा पत्र्याचा कंटेनर होता. त्यातून लेसरचा किरण आभाळात जाई. हवेतली वाफ त्यातला थोडा प्रकाश शोषून घेई, आणि परत येणाऱ्या प्रकाशावरून कोणत्या उंचीवर किती वाफ आहे ते कळे. किरण डोळ्यांना दिसत नसे. पंचाईत तिथेच झाली.

तो जुलै कोरडा चालला होता. एका दुपारी गावकरी कंटेनरपुढे जमले. पुढे शेजारच्या शेतातल्या कौसाबाई.

"म्याडम, तुमचं मशीन ढग पळवून लावतंय. ढग येतो अन् फाटून जातो. बंद करा."

मी समजावू लागलो. मॅडमनी हातानेच थांबवलं. "कधीपर्यंत बंद ठेवू?"

"पाऊस पडंपर्यंत."

मॅडमनी यंत्र बंद केलं, कंटेनरला कुलूप लावलं आणि किल्ली कौसाबाईंच्या हातात ठेवली.

"मॅडम, याच महिन्यांसाठी तर यंत्र इथे आणलं! नुसत्या शंकेपायी बंद करायचं?"

"अरे, त्यांची पिकं जळताहेत, आणि आपण त्यांच्या डोक्यावर न दिसणारं काहीतरी सोडतोय. त्यांनी शंका घ्यायची नाही? आपण तर शंका घेण्याचाच पगार घेतो."

वरिष्ठांनी फोनवर खूप सुनावलं. मॅडम "हो सर" म्हणत राहिल्या. त्या दिवशी डबा मात्र न उघडताच घरी नेला.

यंत्र बंद राहिलं, तरी पाऊस आला नाही. एका सकाळी कौसाबाई एकट्याच आल्या आणि किल्ली पुढे केली.

"ह्याच्यानं काय व्हत नाय. चालू करा. अन् बघा, वर पाणी हाय का?"

मॅडमनी त्यांना पडद्यासमोर स्वतःच्या खुर्चीत बसवलं. रंगीत पट्टे उमटू लागले.

"वर भरपूर आहे. खालची हवा कोरडी आहे. पडेल कधी, ते मला नाही सांगता येणार."

"मंग एवढं शिकून काय फायदा?"

मॅडम खळखळून हसल्या. "मीही स्वतःला हेच विचारते, मावशी."

पुढे मॅडम निवृत्त झाल्या. मागच्या हिवाळ्यात त्या वारल्या, तेव्हा मी कौसाबाईंना फोन केला.

त्या म्हणाल्या, "लय शिकलेली बाई. पण आमाला कधी येडं नाय म्हणली."