शुक्रवारची निळी नळी

"साखर नाही, तर जखम का भरत नाही?" डॉक्टरबाईंनी मला असं विचारलं, जणू जखम मीच केली होती.

संस्थान नुकतंच विलीन झालं होतं. मी कोल्हापुरातल्या एका मिशन दवाखान्याची लॅबोरेटरी सांभाळत होतो. जखम आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांची. नवी चप्पल लागली, पायाच्या करंगळीला फोड आला आणि चिघळला. साहेबांना मधुमेह. दर शुक्रवारी त्यांची लघवी माझ्याकडे तपासायला येई. तपासणी सोपी असते. काचेच्या नळीत निळं औषध घ्यायचं, आठ थेंब लघवी टाकायची आणि उकळायचं. निळंच राहिलं तर साखर नाही. हिरवं झालं तर थोडी. विटेसारखं लाल झालं तर भरपूर. साहेबांची नळी दर शुक्रवारी निळी.

"पुढच्या आठवड्यापर्यंत बघू," बाई म्हणाल्या. "नाहीतर बोट काढावं लागेल."

मला आकड्यांची खोड आहे. पेशंटची साखर वर-खाली होत असते. दर वेळी एकच निकाल आला की मला आनंद होत नाही, शंका येते. त्यात हंगाम गुऱ्हाळांचा. साहेब कागलकडच्या ख्रिस्ती मंडळ्यांना भेटी देत फिरत, आणि तिकडं पाहुण्याच्या हातात पाण्याच्या आधी उसाचा रस येतो.

मंगळवारी नळी, औषध आणि स्पिरिटचा दिवा पिशवीत घालून मी न सांगता त्यांच्या घरी गेलो. दार त्यांच्या पत्नीनं, काकूंनी उघडलं.

"साहेब आहेत?"

"हाईत की. आत्ताच गुऱ्हाळावरनं आल्यात. मिशीबी पुसली न्हाई अजून."

साहेबांनी मिशी पुसली. "शमुवेल, आज शुक्रवार नाही."

"लघवीला वार कळत नाही, साहेब."

व्हरांड्यातच दिवा पेटवला. नळी हिरवी झाली, पिवळी झाली आणि शेवटी लाल.

"बुधवार-गुरुवार कडक उपास करत्यात," काकूंनी खुलासा केला. "शुक्रवारी बाटली दिली की संध्याकाळी वाटीभर काकवी."

साहेब खुर्चीत बसले. "मला सगळं कळतं रे. चांगलं काय ते कळतं, आणि हात काकवीकडं जातो. प्रेषित पौलाचंही हेच दुखणं होतं."

"पौलाचं बोट कुणी कापणार नव्हतं."

साहेब उठले. मग आत जाऊन गुळाचा एक मोठा खडा फडक्यात बांधून घेऊन आले. "हा तुझ्या मुलांना. बाईंना एवढ्यात सांगू नकोस. उद्यापासून सगळं सोडतो. त्यांना कळलं तर रोज सुई टोचतील, ते मला जमायचं नाही."

मी गूळ घेतला. मधुमेह्याच्या घरात तो ठेवणं बरोबर नव्हतं. सकाळी डॉक्टरबाईंच्या टेबलावर रिपोर्ट ठेवला: लाल.

इन्शुलिन सुरू झालं. पहिली सुई टोचून घेऊन साहेब लंगडत लॅबोरेटरीत आले.

"गूळ घेतलास आणि वर सांगितलंस?"

"गूळ मुलांसाठी घेतला. न सांगण्याचं मी कबूल केलं नव्हतं."

"मग परत दे."

"तुम्ही मागताय, म्हणूनच देत नाही."

बोट वाचलं. जखम भरल्यावर पहिल्याच रविवारी साहेबांनी याच विषयावर उपदेश केला, कळतं पण वळत का नाही यावर. एरवी ते तासभर बोलत आणि उदाहरणं सगळी मंडळीतल्या लोकांची देत. या वेळी उदाहरण एकच दिलं, स्वतःचं, काकवीसकट. उपदेश लवकर आटोपला. बायकांच्या बाकांवरून काकूंचा आवाज आला, "नाताळच्या करंज्यांचं सांगायचं राह्यलं की."

त्या प्रकरणातून मी एक नियम काढला. निकाल सतत चांगला येत असेल तर तपासणीचा वार बदलावा. हा नियम मी नव्या लॅबोरेटरी असिस्टंटना आवर्जून सांगतो.

गेल्या वर्षी मलाही साखर निघाली. माझी लघवी मीच तपासतो, दर शुक्रवारी. नळी निळीच. वार अजून बदललेला नाही.