दुकानात चष्मा नको

माझं शिक्षण चौथीपर्यंत, पण पनवेलच्या बाजारात साडी अंगावर घेऊन दाखवावी ती मीच. हे मी सांगत नाही, बाया सांगायच्या. सदऱ्यावरूनच निऱ्या खोचायच्या, पदर खांद्यावरून सोडायचा आणि आरशापुढे एक वळसा घ्यायचा. मिशी तेव्हा चांगली दाट. दाढी दोन-दोन दिवस राहायची, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली, तोंडात तंबाखू. शेठने कधी काही म्हटलं नाही. गिऱ्हाइकानेही नाही.

नव्वद सालानंतर समोर मोठं दुकान झालं आणि तिथे साड्या दाखवायला मुली आल्या. मग आमच्या शेठलाही मुलगी हवी झाली. कोन गावाहून एक आली, विशीतली. बापाचं काम सुटलेलं, घर हिच्या पगारावर. शेठने पहिल्याच दिवशी नियम सांगितले. साडी नेसायची, अंबाडा घालायचा, पावडर लावायची आणि चष्मा काढायचा.

“चष्म्याशिवाय मला नीट दिसत नाही, शेठ.”

“गिऱ्हाइकाला तू दिसायची आहेस. तुला दिसून काय करायचंय?”

एवढं बोलून त्याने स्वतःचा चष्मा पुसला आणि परत नाकावर ठेवला.

ती चष्मा गादीखाली ठेवायची आणि साडी नाकाशी धरून बघायची. गिऱ्हाइकांना वाटायचं, वास घेते. महिना झाला नसेल, एक बाई जरीचा धागा ओढला गेलेली साडी परत घेऊन आली. हिनेच विकलेली. शेठ म्हणाला, “आणखी एक तक्रार आली की घरी बसायचं.” मुलगी साडीची घडी घालू लागली. मी बोललो.

“तिला चष्मा घालू द्या. मी घालतो, तुम्ही घालता.”

“मामा, तुमचं वेगळं. तुमच्याकडे कोण बघतंय?”

एवढी वर्षं मी आरशापुढे वळसे घेत होतो. अपमान मला पचत नाही, माझ्या घरी विचारा.

दुसऱ्याच दिवशी गव्हाणची मंडळी लग्नाचा बस्ता बांधायला आली. नवरी, तिची आई आणि जीपभर आत्या-मावश्या. शेठने हिरवा शालू माझ्याकडे सरकवला. मी मांडी घालून बसलो होतो, तसाच बसलो.

“मामा, घ्या अंगावर.”

“नाही घेत. माझ्याकडे कोण बघतंय?”

शेठ गिऱ्हाइकांकडे बघून हसला आणि मुलीला खूण केली. तिने शालू खांद्यावर घेतला. नवरीची आत्या, अंगाने भरभक्कम, पुढे सरकली.

“काठ पक्का हाय ना गो? जर सुटायची नाय ना?”

मुलीने काठ चाचपला. हो म्हणावं आणि शालू परत आला तर नोकरी गेली. नाही म्हणावं तर शेठ समोर. शेवटी म्हणाली, “मला दिसत नाही, मावशी. चष्मा काढून ठेवलाय.”

“कशाला?”

“बरा दिसत नाही म्हणून.”

आत्याने शेठकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग परत शेठकडे.

“आनि या दोगांना बरा दिसतो, आसं कोनी सांगितलं? घाल गो पोरी. आमाला शालू न्यायचाय, तुझं तोंड नाय.”

बाया हसल्या. नवरीसुद्धा. मुलीने गादीखालून चष्मा काढला, काठ हातावर घेत घेत शेवटपर्यंत तपासला आणि शालू बाजूला ठेवला. “हा नको. इथे धागा ओढलाय. दुसरा दाखवते.” शेठचा चेहरा मी मुद्दाम बघून घेतला.

बस्ता आमच्याकडेच झाला. आत्या जाताना शेठला बजावून गेली, धाकटीच्या लग्नाला हीच पोर पायजे.

मंडळी गेल्यावर शेठ म्हणाला, “चष्मा राहू दे. पण फ्रेम जरा नाजूक घे.”

“पगार वाढवलात की घेते,” ती म्हणाली.

पगार वाढला नाही, फ्रेमही बदलली नाही.

पावडरीचा नियम मात्र राहिला. ती सकाळी लावून यायची आणि संध्याकाळी एस.टी. गाठायच्या आधी मागच्या नळावर खसाखसा तोंड धुवायची. मला पावडर लाव असं कोणी कधी म्हटलं नाही. म्हटलं असतं तरी मी लावली नसती. तिला तसं म्हणायची सोय नव्हती.