तुमीच बोला

पनवेलला जुन्या गाड्या विकणाऱ्या काकांकडे मी कित्येक रविवार जात होतो. ते मूळचे गव्हाणचे. किंमत स्वतः कधीच सांगत नाहीत. "तुमीच बोला," म्हणतात आणि चहावरची साय बोटाने बाजूला सारत बसतात.

त्या दिवशी मी आरशासमोर तालीम करून, बायकोला घेऊन गेलो. "या गाडीचे तीन लाख!" मी ठणकावलं.

काका गप्प. मला ती शांतता सोसेना. "सव्वातीन." ते चहा पीत राहिले. "बरं, साडेतीन!" बायकोने चिमटा काढला.

काकांनी कप खाली ठेवला. "सायेब, थांबा आता. गाडी तीनचीच हाय. आमी गप बसलो तं तुमी नव्या गाडीचे पैसे द्याल."

मग किल्ली त्यांनी बायकोच्या हातात दिली. "ताई, चक्कर मारून या. पटली तरच घ्या."

मी मुकाट्याने मागच्या सीटवर बसलो.