दौलतमामाचा झोका

आमच्या वस्तीत घाई नसलेला माणूस एकच, दौलतमामा. जेवायला बोलावलं तर भाकरी थंड होईपर्यंत त्याचे हातपाय धुणं चालायचं. वणीच्या बाजाराला निघालेली बैलगाडी वेशीपाशी खोळंबलेली असायची आणि हा आपल्या दारात धोतराचा सोगा सारखा करत उभा. कोणी ओरडलं की ठरलेलं उत्तर, "घाई कायले?" असा राग यायचा मला त्या माणसाचा! तो माझा सख्खा मामा नव्हे. शेजारचा, कापसाच्या जिनिंगात कामाला जाणारा. पण त्याची सुमी आणि मी एकाच हंगामातल्या, कापूस फुटायच्या दिवसांत जन्मलेल्या. भूक लागली की जी चूल जवळ, तिच्यापुढे दोघी जाऊन बसायचो.

मुकुटबनच्या अलीकडे आमचं गाव. नागपंचमीला गावातल्या मोठ्या कडुनिंबाला दोर बांधायचे, आणि आमच्या वस्तीतल्या पोरींनी ते झोके लांबून पाहायचे. त्या झाडाखाली आम्हाला कोण येऊ देणार? पुढे छप्पन साली वस्तीने दीक्षा घेतली. देव नाल्यात सोडले, सण बंद झाले. मोठ्यांचं ठीक होतं. सुमी मात्र पुढच्या नागपंचमीला धाय मोकलून रडली. "बाबा, आपल्याकडे झोका काहून नाई?"

मामी म्हणाली, "बांधा ना दोर बाभळीले. घटकेचं तं काम हाये."

मामा पेटलाच. "सण सोडला आपण, झोका थोडी सोडला! पण आज बांधाचा अन् उद्या सोडाचा, तसा दोर मी नाई बांधत. माह्या पोट्टीचा झोका बारमाही पाह्यजे. खांबावर, आपल्या परसात."

बोलला तसं त्याने केलं, पण त्याच्या चालीने. पुढच्या उन्हाळ्यात जंगल खात्याच्या डेपोतून सागाच्या तीन बल्ल्या आणल्या, दोन उभ्या रोवायला आणि एक आडवी टाकायला. वणीहून साखळी आणली, लोहाराकडून कड्या घडवून घेतल्या. बसायची फळी आपल्या हाताने इतकी घासली की मामी म्हणाली, त्यापेक्षा मलाच घासा, मी तरी उजळेन. सुमीला उंचावर भीती वाटायची. "बाबा, माहे पाय टेकले पाह्यजे," अशी तिची एकच अट. मामाने तिला खाटेवर बसवलं, गुडघ्यापासून टाचेपर्यंत सुतळी धरली, गाठ मारली आणि सुतळी खुंटीला अडकवली. फळी तेवढ्याच उंचीवर टांगायची होती.

सगळं सामान आलं आणि मामाने बल्ल्या भिंतीला टेकवून ठेवल्या. त्या ओल्या होत्या. आम्ही दोघी रोज विचारायचो, मामा, आज? तो बल्लीवर बोटाने टिचक्या मारायचा, कान लावायचा. "सुकून राह्यलं. ओलं लाकूड मागून आटते, बोल्ट ढिला पडते. अन् पोट्टी पडली म्हंजे? घाई कायले?"

पावसाळ्यात सुमीला ताप आला. गावातलं औषध झालं, मग गाडी जुंपून वणीला नेली. त्या दिवशी मामाने बैलांना चाबूक मारला असं लोक सांगत. आयुष्यात पहिल्यांदा तो घाईत होता. गाडी परत आली तेव्हा मामीच्या मांडीवर सुमी होती आणि मामी रडत नव्हती, नुसती तिच्या पायांवरचं लुगडं सारखं करत होती.

थोड्या दिवसांनी सकाळी कुदळीचा आवाज आला. मामा परसात खड्डे खणत होता. माझे बाबा मदतीला गेले. खांब उभे केले, दगड-मुरूम ठासला, आडवी बल्ली बोल्टांनी आवळली, साखळ्या टांगल्या, खुंटीवरची सुतळी आणून फळीची उंची लावली. दुपारपर्यंत झोका उभा होता. लाकूड ओलंच होतं.

मामा म्हणाला होता तसंच झालं. लाकूड आटत गेलं, बोल्ट ढिले पडले. तो रोज कामावरून आला की पाना घेऊन ते आवळायचा. एकदा मामीला म्हणाला, आणि मी तिथेच होते, "रोज आवळले का भागते वो. येवढंच होतं." मामी उठून आत गेली. वस्तीतल्या सगळ्या पोरी त्या झोक्यावर खेळल्या, एकही पडली नाही. 'घाई कायले' मात्र त्याच्या तोंडून पुन्हा ऐकू आलं नाही. वेशीपाशी गाडी जुंपायच्या आधीच तो जाऊन उभा राहायचा.

आणि दरवर्षी कापूस फुटला की मला हाक यायची. "कमल, बस वं." मी फळीवर बसायची. मामा माझे पाय पाहायचा. गुडघे वर येत असले तर साखळी वरच्या कडीत अडकवायचा, पाय नीट टेकले की निघून जायचा. बाराएक वर्षांची असताना मी वैतागून विचारलं, "मामा, मलेच कायले बसवता दरसाल?"

"तू अन् सुमी एका हंगामातल्या," तो पान्याकडे बघत म्हणाला. "तू वाढली का समजते, ती केवढी झाली असती."

त्यानंतर मी कधी विचारलं नाही. हाक यायच्या आधीच जाऊन बसायची आणि घरी येऊन रडायची.

नर्सच्या शिक्षणासाठी यवतमाळला निघाले तेव्हा कापूस फुटायला अजून अवकाश होता. फाट्यावर एसटी येऊन भोंगा वाजवत होती, बाबा ट्रंक उचलून पुढे धावत होते, आई माझ्या नावाने ओरडत होती. मी पाया पडायला परसात गेले. मामा पाना घेऊन उभा होता. "बस वं."

मी बसले. पाय टेकले. त्याने साखळीकडे पाहिलं, माझ्या पायांकडे पाहिलं आणि पाना खाली ठेवला. "झाली वाढ. दोघींचीबी झाली."

भोंगा पुन्हा वाजला. मी घाबरून उठायला लागले, तर मामाने माझ्या डोक्यावर हात ठेवला. कितीतरी वर्षांनी त्याचा तो जुना आवाज आला, "घाई कायले? बस घडीभर."

त्याने पाठीमागून हळूच झोका दिला. एसटी निघून गेली. मी दुपारच्या गाडीने गेले.